ललिता पवारांचा डावा डोळा

प्रश्न : ताई, ‘रामायण’ मालिकेतली मंथरा परत पाहिली आणि आमच्या घरात वाद रंगला. ललिता पवारांचा डावा डोळा जन्मतःच बारीक होता, की भूमिकेसाठी त्या मुद्दाम तसा करायच्या? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही नाही. 1942 साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांनी त्यांच्या थोबाडीत मारायची, असा प्रसंग होता. हात फार जोरात बसला. डोळ्याजवळची शीर फुटली, चेहऱ्याची ती बाजू लुळी पडली. उपचार बराच काळ चालले, पण डोळा कायमचा अधू झाला.

तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या, आणि नायिका होत्या. जन्म येवल्याचा, 1916 चा, नाव अंबू. मूकपटांत लहानपणीच आल्या. 1931 च्या ‘दिलेर जिगर’ या मूकपटात त्यांनी हाणामारीची कामं केली आहेत. पुढे निर्मात्याही झाल्या. अशा बाईला एका दुपारी कळतं, की आता नायिकेचं काम मिळणार नाही. त्यांच्या जागी दुसरी कुणी असती तर घरी बसली असती, आणि तिला कुणी नावंही ठेवली नसती.

त्या परत आल्या. 1944 च्या ‘रामशास्त्री’त प्रभातने त्यांना आनंदीबाई दिली, ‘ध’चा ‘मा’ करणारी. 1950 च्या ‘दहेज’मध्ये त्या सुनेला छळणारी सासू झाल्या आणि मग खाष्ट सासू म्हटलं की त्याच, असं होऊन बसलं. तो डोळा त्यांनी लपवला नाही. पुन्हा पाहाल तेव्हा एवढंच बघा : बोलताना मान किंचित कलते, उजवा डोळा समोरच्यावर रोखलेला असतो आणि डावा अर्धा मिटलेला. समोरच्याला वाटतं, ही बाई आपल्याला जोखतेय. दुखापतीतून एवढं काढणं हे मला फार मोठं काम वाटतं.

1987 मध्ये रविवारी सकाळी आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता. मंथरा कैकेयीच्या कानाला लागली की आजी कडाकडा बोटं मोडायची, ‘मेली कुठली!’ म्हणायची. एकदा मी तिला त्या थपडेची हकिकत सांगितली. आजी गप्प झाली. पुढच्या रविवारी मंथरा दिसली तेव्हा तिने बोटं मोडली नाहीत. पदराने स्वतःचा डावा डोळा पुसला आणि म्हणाली, ‘केवढं दुखलं असेल गं तिला.’

प्रश्न : मग भगवानदादांचं पुढे काय झालं? त्यांच्याबद्दल राग धरावा का? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : नका धरू. तो अपघात होता. शिवाय भगवान पालव तुमच्याच अमरावतीचे. वडील कापड गिरणीत कामगार. 1951 साली त्यांनी ‘अलबेला’ काढला. निर्माते तेच, दिग्दर्शक तेच, नायकही तेच. सोबत गीता बाली आणि संगीत सी. रामचंद्र यांचं. जाडसर अंगाचा, नायकासारखा मुळीच न दिसणारा हा माणूस पावलं नुसती घोळवत, हात हलवत नाचला आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. आजही वरातीत एखादे काका तसेच नाचतात, ती चाल भगवानदादांची. पुढचे चित्रपट पडले, पैसा गेला. मग मिळतील ती छोटी कामं केली. 2002 साली ते गेले ते दादरच्या चाळीत. शेवटच्या काळात पडद्यावर ते दोन मिनिटांसाठी यायचे, ते पाहून माझ्या पोटात तुटायचं.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, ललिता पवारांनी जन्मभर वाईट बायकाच केल्या. त्यांना काय दाखवू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : 1959 चा ‘अनाडी’ दाखवा. त्यातल्या मिसेस डीसा म्हणजे तोंडाने भाडेकरूवर करवादणारी आणि मनाने त्याची आई झालेली घरमालकीण. या कामाला त्यांना फिल्मफेअर मिळालं. जेवणं आटोपून, निवांतपणे लावा. आणि सासूबाईंच्या शेजारी तुम्हीही बसा. मिसेस डीसा जातात तेव्हा त्यांना एकटं सोडू नका.