गोव्यात ग्राफिटीच्या भिंतीसमोर स्पोर्ट्स कारचे फोटो काढायचेत, कुठे जाऊ आणि काय काळजी घेऊ?

तुम्ही लिहिलंय की मामेभावाने लाल मस्टँग घेतलीय, तुमच्याकडे साधा डीएसएलआर आणि किट लेन्स आहे, आणि फोंतेन्हासमध्ये (पणजीतली जुनी वस्ती) पहाटे जाऊन फोटो काढले तर कसं. तर आधी हेच सांगतो, फोंतेन्हास नको.

मी म्हापशाचा, लग्नांचे फोटो काढून पोट भरतो आणि मधूनमधून कोणाची नवीन गाडी आली की ते काम करतो, त्यामुळे हा प्रयोग मी करून बसलोय. एक तर तिथल्या भिंती ग्राफिटीच्या नाहीतच, ती लोकांची घरं आहेत, पिवळी निळी लाल, पोर्तुगीज काळापासून पावसाळा संपला की रंगवायची पद्धत. दुसरं म्हणजे मस्टँग जवळजवळ पावणेपाच मीटर लांब आणि १.९ मीटर रुंद, ती त्या गल्लीत उभी केली की तुम्ही मागे सरकणार कुठे, समोरच्या घराच्या पायरीवर? मी तसाच एका पायरीवर चढलो होतो सकाळी साडेसहाला, आणि आतून एक म्हातारी बाई आली, ओरडली नाही वगैरे, शांतपणे म्हणाली, "पुता, गाडी काड थंयसून, म्हाका भायर सरपाक जाय." (बाळा, गाडी काढ तिथून, मला बाहेर पडायचंय.) एवढी लाज मला कुठल्या क्लायंटसमोर वाटली नव्हती. त्या लोकांच्या दारात वर्षभर कोणी ना कोणी फोटोला उभं असतं, काही घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या उगाच लावलेल्या नाहीत.

पणजी मार्केटवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत, ती भारीच, पण तिथे मासळीवाल्या, स्कूटर, पार्किंगची मारामारी, गाडी पाच मिनिटं एकटी उभी मिळणार नाही. मग उरतं काय, तर पणजीत सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हलच्या निमित्ताने वेळोवेळी रंगवलेल्या भिंती (२०१९ ला सॉलोमन सूझाने, म्हणजे चित्रकार एफ. एन. सूझांच्या नातवाने, गोव्यातल्या माणसांचे मोठमोठे चेहरे रंगवले होते, ते तुम्ही पाहिले असतील), आणि हणजूण, आसगाव, शिवोली पट्ट्यातल्या कॅफे-हॉस्टेलांच्या कंपाउंडच्या भिंती. ह्या दुसऱ्या मला जास्त आवडतात कारण समोर बहुतेक मोकळी जागा असते आणि मालकाला विचारलं तर सकाळी कॅफे उघडायच्या आधी तो हो म्हणतो. विचारा मात्र. आणि गाडी बीचवर उतरवायची आयडिया भावाच्या डोक्यात आलीच तर तिथल्या तिथे मारा, गोव्यात बीचवर गाडी नेणं बेकायदा आहे, पोलीस केस होते आणि शिवाय वाळूत रुतलेल्या गाडीचा व्हिडिओ तुमच्या आधी दुसराच कोणीतरी टाकतो.

आता मुख्य गोष्ट, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. गाडी म्हणजे आरसा. सगळे जण गाडीच्या मागची भिंत बघत बसतात, आणि फोटोची वाट लागते ती तुमच्या पाठीमागे जे आहे त्याने, कारण तेच दरवाज्यात आणि फेंडरवर (चाकांवरच्या पत्र्यावर) दिसतं. माझ्या पहिल्या कामाला, लालच गाडी होती, शिवोलीच्या बाजूला एक निळा मासा काढलेली लांबलचक भिंत, मी खूश, तीनशे फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरवर बघतो तर ड्रायव्हरच्या दरवाज्यात केशरी टी-शर्टवाला मी, दोन्ही पाय फाकवून उभा, आणि माझ्या बाजूला समोरच्या घरावरची काळी पाण्याची टाकी, अगदी ठसठशीत. क्लायंटने झूम करून विचारलं, ही टाकी आमच्या गाडीत कुठून आली? दोन रात्री बसून फोटोशॉपमध्ये टाकी पुसली. तेव्हापासून जागा बघायला गेलो की भिंतीकडे पाठ करून उभा राहतो आणि समोर काय आहे ते बघतो. मोकळं शेत, मोकळं आकाश, किंवा एकसारखी झाडी असेल तर उत्तम. वीजेचे खांब, होर्डिंग, पांढऱ्या गाड्यांची रांग असेल तर मासा कितीही सुंदर असो, पुढे चला. आणि अंगात काळा किंवा गडद शर्ट.

उजेडाचं पण ह्यातच आलं. दुपारचं ऊन नकोच, बोनेटवर पांढरा डाग पडतो आणि भिंतीचे रंग फिके दिसतात. मला पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत आवडते, पण सूर्य बुडायच्या आधी नाही, तेव्हा तुमचीच लांब सावली गाडीवर पडते. सूर्य खाली गेला की तुमच्या पाठीमागचं सगळं आकाश एक मोठा सॉफ्टबॉक्स (स्टुडिओतला मऊ उजेडाचा दिवा) होतं आणि गाडीच्या कडेने एक लांब मऊ रेघ धावते, तीच रेघ पाहिजे आपल्याला. पण आपल्याकडे संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या आसपास जातो, जूनमध्ये सातच्या पुढे, त्या हिशोबाने अर्धा तास आधी गाडी लावून, पुसून, ट्रायपॉड ठोकून तयार राहा, आयत्या वेळी भाऊ चहा प्यायला गेला तर संपलं. पुसायचं मी मुद्दाम लिहितोय कारण आपली लाल माती, घरापासून भिंतीपर्यंत येईस्तोवर बंपर आणि रिम पुन्हा भरलेले असतात, दोन मायक्रोफायबर फडकी आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा. आणि नवीन गाडीला घातलेला झेंडूचा हार, लिंबू-मिरची जे असेल ते काढा, किमान फोटोपुरतं, आईला सांगू नका.

किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती १८-५५ मिमीची) चालेल, पण १८ वर नको, ५५ वर लावा आणि पाय वापरून मागे जा. जवळून वाइडने काढलं की गाडीचं नाक बटाट्यासारखं फुगतं आणि मागची भिंत लांब पळाल्यासारखी दिसते. फोनवरही तेच, १एक्स सोडून २ किंवा ३एक्सवर जा. गुडघे टेकून हेडलाइटच्या उंचीवरून काढा. पुढची चाकं वळवा पण अशी की कॅमेऱ्याला रिमचा चेहरा दिसेल, टायरची नक्षी नाही, हे लोक नेहमी उलटं करतात.

गाडी भिंतीला चिकटवू नका. तीन-चार मीटर पुढे घ्या, म्हणजे भिंत थोडी मऊ होते आणि गाडी सुटी दिसते, कारण ग्राफिटी हा प्रकार भयंकर खादाड आहे, नजर आधी तिच्याकडेच जाते. पूर्ण भिंत फ्रेममध्ये घ्यायचा मोह होतो, मलाही होतो, पण गाडीचा फोटो हवा असेल तर भिंतीचा तुकडा निवडा, एखादा मोठा रंगाचा पट्टा किंवा दोन अक्षरं. लाल गाडीमागे निळा-हिरवा तुकडा मिळाला तर गाडी उठून दिसते, लाल-केशरी भिंतीसमोर ती विरघळते. छपराची रेघ चित्रातल्या चेहऱ्याच्या मधून जात नाही ना तेही बघा, माझ्या एका फोटोत एका म्हाताऱ्या गायकाची फक्त टक्कल आणि डोळे छपरावर ठेवल्यासारखे आलेत, अजून मित्र हसतात.

एका गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर सीपीएल फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची फिरती पोलरायझर काच. तो फिरवला की काचेवरची आणि पेंटवरची चमक कापली जाते, साधारण दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) म्हणून ट्रायपॉड लागतोच. पण काच, बोनेट, दरवाजा सगळे वेगवेगळ्या कोनात असतात त्यामुळे एका फिरवणीत सगळं साफ होत नाही, हे कोणी सांगत नाही. कॅमेरा न हलवता फिल्टर फिरवत चार-पाच फोटो घ्या आणि नंतर प्रत्येकातला चांगला भाग लेयर करून जोडा. सगळी चमक काढूही नका, मग गाडी प्लास्टिकच्या खेळण्यासारखी दिसते.

नंबर प्लेट काढून किंवा कागद चिकटवून रस्त्यावर उभं राहू नका, घरी येऊन ब्लर करा.

राहिला प्रश्न भिंतीच्या चित्राचा. भावाच्या इन्स्टासाठी काढताय तर चित्रकाराचं नाव शोधून टॅग करा, एवढं पुरे. पण उद्या एखाद्या शोरूमने तेच फोटो जाहिरातीला मागितले तर थांबा. अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये कॅडिलॅकच्या फोटोत पार्किंग गॅरेजमधलं एक म्युरल (भिंतीवरचं मोठं चित्र) आलं म्हणून स्विस कलाकार स्मॅश १३७ ने २०१८ मध्ये जनरल मोटर्सवर केस टाकली होती. त्याच शहरात मर्सिडीजने जी-क्लासचे फोटो म्युरलसमोर काढून इन्स्टाग्रामवर टाकले, कलाकारांनी हरकत घेतली तर २०१९ मध्ये कंपनीच उलट कोर्टात गेली. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागेतल्या शिल्पाच्या फोटोला स्पष्ट सूट आहे, भिंतीवरच्या पेंटिंगला तितकी स्पष्ट नाही, आणि हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे २०११ ला गेलेल्या मारिओंच्या चित्रांवर तो २०७१ संपेपर्यंत आहे. मी पैसे घेऊन काम करतो तेव्हा कलाकाराला आधी मेसेज टाकतो, लेखी हो घेतो, एकाने फक्त हाय-रेझ फोटो मागितला, दुसऱ्याने पैसे मागितले, दिले.

अचूक पत्ते मागितलेत ते मुद्दाम देत नाहीय. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, दोन पावसाळे झाले की रंग सोलतो, शेवाळ चढतं, किंवा मालक भिंतच बदलतो. एका रविवारी स्कूटरने फिरून स्वतः बघा, फोनवर वेळ आणि दिशा टिपून ठेवा. माझी ती माशाची भिंत मागच्या वर्षी बघायला गेलो, तिच्यावर आता सिमेंटची जाहिरात आहे.