वेचे वाचा, पण पूर्वपक्षासकट

प्रश्न : निवृत्तीनंतर तत्त्वज्ञान वाचायला घेतलं आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञानाचं एक संक्षिप्त संकलन आणलं. ऑगस्टीनपासून ऑकमपर्यंत सगळे एकाच खंडात, प्रत्येकाची दहा-बारा पानं. मूळ ग्रंथांचा पसारा पाहून छाती दडपते. पण नुसते वेचे वाचणं ही पळवाट आहे, असं एक मित्र म्हणतो. तुम्हाला काय वाटतं? – एक वाचक

उत्तर : पळवाट मुळीच नाही. ही मंडळी स्वतःच संकलनांवर शिकली. बाराव्या शतकात पीटर लोम्बार्डने ‘सेन्टेन्सेस’ रचला. तो म्हणजे मुख्यतः पूर्वाचार्यांच्या, त्यातही ऑगस्टीनच्या, वचनांची विषयवार मांडणी. सोळाव्या शतकापर्यंत धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यावर भाष्य करावं लागे. अक्वायनस, स्कोटस, ऑकम या तिघांनीही ते केलं. त्याआधी आबेलारने ‘सिक एट नॉन’मध्ये १५८ प्रश्न घेऊन आचार्यांची परस्परविरोधी वचनं शेजारी शेजारी ठेवली आणि निकाल मुद्दाम दिला नाही. विद्यार्थ्याने डोकं चालवावं म्हणून.

मला काळजी आहे ती संपादकाने काय गाळलं याची. अक्वायनसचे ईश्वरास्तित्वाचे ‘पाच मार्ग’ तुमच्या खंडात असणारच. ते ‘सुमा थिऑलॉजिए’च्या पहिल्या भागात, दुसऱ्या प्रश्नाच्या तिसऱ्या कलमात आहेत. पण ते कलम सुरू कसं होतं? ‘ईश्वर नाही असं दिसतं’ इथून! पहिला आक्षेप : अनंत चांगुलपणा खरोखर असता तर जगात वाईट उरलंच नसतं. दुसरा : सृष्टीतलं सगळं निसर्गाने आणि माणसाच्या बुद्धी-इच्छेने उलगडत असेल, तर ईश्वर मानायची गरज काय? पाच मार्ग त्यानंतर येतात आणि शेवटी दोन्ही आक्षेपांना उत्तरं. दुसऱ्याचं उत्तर तर या मार्गांच्याच आधारावर उभं आहे. बरीच संकलनं मधला भाग तेवढा छापतात, आणि वादात उतरलेला माणूस फतवा काढणारा वाटू लागतो.

पुढचं गाळलं की आणखी घोटाळा. पहिला मार्ग सगळ्या हालचालीला सुरुवात देणाऱ्या, स्वतः अचल अशा ‘आदिचालका’पाशी पोचतो. ‘पण तो एकच कशावरून?’ असं वर्गात मला हटकून विचारलं जायचं. शंका रास्तच आहे. अक्वायनस ती अकराव्या प्रश्नात घेतो. पण वेचा दुसऱ्यावरच थांबलेला असतो.

ॲन्सेल्मच्या बाबतीत तर मी हट्टच धरीन. त्याचं ‘प्रोस्लोगिऑन’ १०७७-७८चं. ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही तो ईश्वर, आणि असा तो नुसता कल्पनेत नव्हे तर प्रत्यक्षातही असलाच पाहिजे, हा त्यातला युक्तिवाद. गोनिलो नावाच्या मठवासीने तो खोडायचा प्रयत्न केला, हरवलेल्या बेटाचा दाखला देऊन : सर्वोत्तम बेटाची कल्पना करता येते म्हणून ते खरोखर असतं का? ॲन्सेल्मने उत्तर लिहिलं, आणि यापुढे माझ्या ग्रंथाबरोबर गोनिलोची टीका आणि माझं उत्तर, दोन्ही उतरवली जावीत असं सांगितलं. केवढं मोठं मन! तुमच्या संकलनात गोनिलो नसेल तर तो वेचा अपुरा समजा. ‘प्रोस्लोगिऑन’ची प्रकरणं २६, तीही छोटी. ते अख्खंच वाचा, पहिल्या प्रकरणातल्या प्रार्थनेसकट.

बाकी ठिकाणी वेच्याखालचा संदर्भ बघून मूळ कलम उघडायचं. ‘सुमा’चं जुनं डॉमिनिकन इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर मोफत आहे, आणि एक कलम दोन-तीन पानांचं. त्यात नुसतं ‘तत्त्वज्ञ’ आलं तर ॲरिस्टॉटल समजायचं आणि ‘भाष्यकार’ म्हणजे इब्न रुश्द, ॲरिस्टॉटलवर भाष्यं लिहिणारा बाराव्या शतकातला मुस्लिम तत्त्वज्ञ. ख्रिस्ती संकलनात इब्न रुश्दचे वेचे बहुधा नसतात, म्हणून त्याची थोडी ओळख वेगळी करून घ्या.

स्कोटस मात्र सध्या संकलनातूनच वाचा, तळटीपांसकट. त्याची वाक्यं इतकी गुंतागुंतीची आहेत की संपादकाचा हात धरल्याशिवाय पहिल्या वाचनात फारसं हाती लागत नाही.