‘फॉरेन एजंट’ म्हणजे ‘परकीय हस्तक’ का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या राजकारणाच्या बातम्यांत ‘फॉरेन एजंट’साठी सर्रास ‘परकीय हस्तक’ छापतात, आणि ‘फॉरेन इन्फ्लुअन्स’साठी कधी ‘प्रभाव’, कधी ‘हस्तक्षेप’, कधी ‘ढवळाढवळ’. यातले योग्य कोणते?

आधी ‘हस्तक’ घेऊ. मराठीत हा शब्द भल्या माणसाला लावला जात नाही. टोळीप्रमुखाचा हस्तक असतो, शत्रूच्या गुप्तचर यंत्रणेचा हस्तक असतो. विमा कंपनीचा हस्तक कोणी म्हणत नाही. छुपेपणा आणि वाईट हेतू हे दोन्ही त्या शब्दातच मुरलेले आहेत.

अमेरिकेतला ‘फॉरेन एजंट’ मात्र मुळात एक नोंदणीचा प्रकार आहे. नाझी जर्मनीचा प्रचार उघडा पाडण्यासाठी १९३८ साली एक कायदा झाला. ‘फॉरेन एजंट्स रजिस्ट्रेशन ॲक्ट’ या त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘फारा’ म्हणतात. परक्या सरकारसाठी किंवा पक्षासाठी अमेरिकेत राजकीय काम करायला हा कायदा बंदी घालत नाही. ते उघडपणे करा, एवढेच सांगतो. काम स्वीकारल्यापासून दहा दिवसांच्या आत न्याय खात्याकडे नोंद करायची, आणि नोंद होईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. कराराची प्रत द्यायची. दर सहा महिन्यांनी किती पैसे आले, कुठे खर्च झाले, कोणाला भेटलो, याचा हिशेब द्यायचा. प्रचारसाहित्य वाटले तर ४८ तासांत त्याची प्रत दाखल करायची आणि ते कोणाच्या वतीने आहे हे त्यावर ठळक छापायचे. हे सगळे कागद न्याय खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. दूतावासातले अधिकारी, निव्वळ खासगी व्यापार, धार्मिक, शैक्षणिक आणि कलाविषयक काम यांना सूट आहे.

आता एक उदाहरण. एप्रिल २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासाने एसएचडब्ल्यू पार्टनर्स या लॉबिंग करणाऱ्या, म्हणजे सरकारदरबारी अशिलाची बाजू मांडणाऱ्या, कंपनीशी महिना दीड लाख डॉलरचा करार केला. ट्रम्प यांचे जुने सल्लागार जेसन मिलर तिचे प्रमुख. ही नोंद ‘फारा’खालीच झाली, म्हणजे कायद्याच्या भाषेत तेही ‘फॉरेन एजंट’च. त्यांना आपण ‘भारताचे हस्तक’ म्हणू का? नाही, ‘भारताने नेमलेली लॉबिंग कंपनी’ म्हणू. मग तुर्कस्तानसाठी किंवा सौदीसाठी तोच अर्ज भरणाऱ्या माणसाला निराळा शब्द लावणे हा भाषेतून केलेला पक्षपात ठरतो.

‘परकीय हस्तक’मध्ये दुसराही घोटाळा आहे. ‘परकीय’ हे विशेषण माणसालाच चिकटते आणि वाचकाला तो माणूस परदेशी वाटतो. प्रत्यक्षात तो बहुधा अमेरिकी नागरिक असतो. परका असतो तो त्याला काम देणारा. म्हणून षष्ठी वापरावी: ‘परकीय सरकारचा नोंदणीकृत प्रतिनिधी’. कायदेशीर मजकुरात ‘अभिकर्ता’ चालेल. ‘दलाल’ नको, त्यात कमिशनचा वास आहे. पेशवाईत याला नेमका शब्द होता: ‘वकील’. पुण्याच्या वतीने दिल्लीत उघडपणे बसून धन्याचे काम करणारे हिंगणे हे वकीलच होते. आज त्या शब्दाला कोर्टाचा काळा कोट चढला आहे, त्यामुळे तो गेला, याची मला खरोखर हळहळ वाटते.

‘हस्तक’ शोभतो तो लपवाछपवी असेल तिथे. परक्या सरकारच्या सांगण्यावरून काम करूनही ॲटर्नी जनरलना, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखांना, न कळवणे हा एका वेगळ्या फौजदारी कलमाखाली गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. मारिया बुटिना या रशियन तरुणीने डिसेंबर २०१८ मध्ये याच कलमाखालच्या कटाची कबुली दिली. तिला १८ महिन्यांची शिक्षा झाली. तिला ‘रशियाची हस्तक’ म्हणणे रास्त. ‘गुप्तहेर’ मात्र चूक, कारण तिच्यावर हेरगिरीचा आरोपच नव्हता. तत्कालीन सिनेटर बॉब मेनेंडेझ हे लाच घेणे आणि इजिप्तसाठी काम करणे या आरोपांत जुलै २०२४ मध्ये दोषी ठरले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना ११ वर्षांची शिक्षा झाली. तिथेही ‘हस्तक’ बसतो.

रशियाच्या बातमीत निराळी काळजी घ्यावी लागते. तिथला २०१२ पासूनचा ‘फॉरेन एजंट’ कायदा स्वयंसेवी संस्थांवर आणि पत्रकारांवर तो शिक्काच मारतो. सांगकाम्या असल्याचा पुरावा लागत नाही. तिथे ‘परकीय हस्तक’ लिहावे, पण अवतरणचिन्हांत, कारण तो शब्द सरकारचा आहे, बातमीदाराचा नाही.

‘प्रभाव’ आणि ‘हस्तक्षेप’ हा भेद अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनीच करून ठेवला आहे. २०२० च्या निवडणुकीवरचा त्यांचा अहवाल मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निवडणुकीवर, म्हणजे उमेदवार, पक्ष, मतदारांची पसंती किंवा राजकीय प्रक्रिया यांवर, परिणाम करण्याचा परक्या सरकारचा कोणताही उघड वा छुपा प्रयत्न म्हणजे प्रभाव. आणि त्यातच मोडणारा, पण मतदारनोंदणी, मतदान, मोजणी, निकाल जाहीर करणे या यंत्रणेलाच हात घालणारा प्रकार म्हणजे हस्तक्षेप. त्या वर्षी पहिल्या प्रकारचे प्रयत्न रशियाने आणि इराणने केले, मतदानाच्या तांत्रिक बाजूत फेरफार करण्याचा प्रयत्न झाल्याची खूण आढळली नाही, असा निष्कर्ष होता. दोन्हींना ‘हस्तक्षेप’ लिहिले की वाचक समजतो मते बदलली गेली. खोट्या फेसबुक खात्यांची मोहीम असेल तर ‘प्रभाव टाकण्याची मोहीम’ लिहावे. ‘ढवळाढवळ’ हा जोरकस शब्द अग्रलेखासाठी राखावा, बातमीत मोघम होतो.

याला जोडूनच ‘परदेशी नागरिकांना निवडणूक देणगी देण्यास बंदी’ हे वाक्यही तपासून घ्यावे. भारतीय पासपोर्ट असलेला, पण ग्रीन कार्ड मिळालेला माणूस मराठीत परदेशी नागरिकच. तरी त्याला देणगी देता येते. ही बंदी ग्रीन कार्डही नसलेल्यांना आहे. म्हणजे न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर राहणाऱ्या मराठी माणसाने अध्यक्षपदाच्या उमेदवारालाच काय, गावच्या शाळा मंडळाच्या उमेदवारालाही एक डॉलर देता कामा नये. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून तो फोन करू शकतो, पत्रके वाटू शकतो. नागरिक असलेल्या मित्राच्या नावावर आपले पैसे देणे हाही गुन्हाच. तेव्हा वाक्य असे लिहावे: ‘अमेरिकेचे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्यांना कोणत्याही निवडणुकीत देणगी देण्यास बंदी’. लांब होते, पण ते वाचून कोणी कायद्याच्या कचाट्यात सापडणार नाही.