बाद फेरीआधी बचाव कसा जोखायचा

चिपळूण-रत्नागिरीकडच्या कबड्डी स्पर्धांत साखळी सामन्यांतल्या पकडींचा नुसता आकडा बघून हुरळू नकोस. अव्वल पकडी जास्त दिसल्या तर उलट शंका घे: मैदानात तीन किंवा कमी जण उरले असतानाच तिचे दोन गुण मिळतात, म्हणजे संघ सारखा लोणाच्या, म्हणजे सगळेच गडी बाद होण्याच्या, तोंडाशी होता. मी आधी कोपरे बघतो. कोपरारक्षकाने घोटा धरला की शेजारचा मध्यरक्षक झेपावतो, की बघत राहतो? बोनस (बोनस रेषा ओलांडून चढाईपटूला मिळणारा गुण) गेला तर जाऊ दे, घाईची उडी वाईट. खरी परीक्षा तिसऱ्या चढाईत. दोन रिकाम्या गेल्यावर चढाईपटूला गुण आणावाच लागतो. तेव्हा उतावीळ न होणारा बचाव मला आवडतो. आणि हो, मातीवरची पकड मॅटवर तशीच बसेल असं धरू नकोस.