बोडीवरचा लाल चतुर

प्रश्न : आमच्या बोडीच्या (शेतालगतच्या छोट्या तळ्याच्या) काठावर लालभडक चतुर बसतात, जवळच तसेच पिवळेही दिसतात. या दोन वेगळ्या जाती आहेत का?
— एक वाचक, साकोली तालुका

उत्तर : नाही, जात एकच. तुम्ही सांगता त्यावरून हा क्रोकोथेमिस सर्व्हिलिया (हे त्याचं शास्त्रीय नाव) असावा. लाल तो नर, पिवळी ती मादी. पण कोवळा नरही आधी पिवळाच असतो, वयात आला की लाल होतो. खात्री करायची तर दोन खुणा पाहा : पाठीवरून शेपटापर्यंत गेलेली बारीक काळी रेघ आणि मागच्या पंखांच्या बुडाशी मधाच्या रंगाचा डाग. ज्याला आपण शेपूट म्हणतो ते खरं तर त्याचं पोट.

धानाची रोवणी झाली की मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसून यांना तासन् तास पाहतो. ऊन फार तापलं की नर पोट सरळ सूर्याकडे उभं धरतो, म्हणजे अंगावर ऊन कमी पडतं. मादी उडता उडता पोटाचं टोक पाण्याला टेकवून अंडी सोडते. पिल्लं पाण्यातच वाढतात, डासांच्या अळ्या खातात. धानाच्या दांडीला चिकटलेली पोकळ, तपकिरी कात दिसली तर समजा, तिथून एक चतुर उडाला.

पोरं त्याच्या पोटाला दोरा बांधतात, तेवढं मात्र थांबवा. आणि बोडी साफ करताना काठचं सगळं गवत एकदम काढू नका. पिल्लू वर चढून कात टाकतं ते त्याच गवतावर.