वळ दाखवा म्हणतात, ते कुठून दाखवू?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नऊ वर्षांचा संसार, एक मुलगी, पतसंस्थेत नोकरी, पगार बावीस हजार आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात. पेट्रोलचे आठवड्याला तीनशे, तेही आधीच्या तीनशेचा हिशेब दिल्यावर. मोबाईल रोज रात्री चेक होतो म्हणून पत्र मैत्रिणीच्या फोनवरून लिहिलंय. मुलगा नाही म्हणून सासूबाई येताजाता बोलतात, आणि माहेरी जायचं नाव काढलं की नवरा म्हणतो मी जीव देईन आणि चिठ्ठीत तुझं नाव लिहीन. तुमच्या नावावर चार लाखांचं कर्ज काढायला लावलं, लग्नातल्या पाटल्या गहाण पडल्या. पोलिसांकडे गेलात तर त्यांनी विचारलं, मारलंय का, वळ दाखवा. आणि शेवटी तुम्हीच लिहिलंय की 'एकदाही हात उचललेला नाही हो मॅडम, मी उगाच बाऊ करतेय का?'

बाऊ नाही. तुम्ही जे लिहिलंय ते २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात जवळजवळ शब्दशः आहे. त्याच्या कलम ३ मध्ये मारहाण आहेच, पण लैंगिक छळ, शाब्दिक-मानसिक छळ आणि आर्थिक छळ हेही तिथे तितक्याच वजनाने आहेत, आणि यातला एक प्रकार असला तरी अर्ज करता येतो, चारही लागत नाहीत. या कायद्याच्या नियमांसोबत एक छापील फॉर्म आहे, या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी तो भरतात, कोर्टात आम्ही त्याला डीआयआर म्हणतो, म्हणजे घरातल्या हिंसेचा रिपोर्ट. त्यात काय झालं ते नुसती खूण करून सांगता येतं. पगार काढून घेणं, पगार वापरू न देणं, मुलगा नाही म्हणून टोमणे, कुणाला भेटू न देणं, आत्महत्येची धमकी, सगळ्याला तिथे वेगळी ओळ आहे. पहिल्यांदा तो फॉर्म बघताना बऱ्याच बायका गप्प होतात, कारण आपल्या घरातलं कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय असं वाटतं. त्यामुळे वळ मागणाऱ्या साहेबांचं चुकलंच, कलम ५ प्रमाणे तुम्हाला या कायद्याची आणि फुकट वकिलाची माहिती देणं हे त्यांचंच काम होतं.

पत्रात एक अर्धी ओळ आहे, 'रात्रीचं तर काय सांगू'. पुढे तुम्ही लिहिलं नाही आणि मीही खोदून विचारत नाही, पण एवढं सांगते की बायको अठराच्या वरची असेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपल्या फौजदारी कायद्यात अजूनही बलात्कार धरत नाहीत, त्यामुळे बायकांना वाटतं याला काही इलाजच नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मात्र तो लैंगिक छळ आहे, अर्जात लिहिता येतो. तोंडाने सांगणं जड जात असेल तर कागदावर लिहून वकिलाच्या हातात द्या.

आता घराचं. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे, त्यांनी बाहेर काढलं तर? पूर्वी इथेच बायका हरायच्या, पण ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश आहुजांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने जुना निकाल मोडीत काढला. लग्न होऊन ज्या घरात तुम्ही नांदताय ते सासूच्या मालकीचं असलं तरी तुमचा राहण्याचा हक्क राहतो, मालकी नव्हे, राहण्याचा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असंही सांगितलं की ज्येष्ठ नागरिक कायदा पुढे करून सुनेचा हा हक्क सहज पुसता येणार नाही. पण उलटही ऐका, सासूबाईंना घराबाहेर काढा असा आदेश मिळत नाही, बाईविरुद्ध तसा आदेश देता येत नाही असं कलम १९ मध्येच आहे. तिथे राहणं नकोच असेल तर वेगळ्या घराचं भाडं मागता येतं, आणि तुमचं पत्र वाचून मला तेच बरं वाटतंय.

कर्जाबद्दल गोड बोलणार नाही. सही तुमची आहे, बँक हप्ता तुमच्याकडेच मागणार. नवऱ्याकडून ती भरपाई मागता येते, तो पैसा कुठे गेला ते दाखवता आलं तर. म्हणून कर्ज जमा झालं त्या महिन्याचं पासबुक आधी काढा. पाटल्या स्त्रीधन आहेत, परत मागता येतात, सराफाची बिलं नसतील तर लग्नाचे फोटो आणि गहाण ठेवल्याची पावती बघा. त्याच्या धमक्या रेकॉर्ड झाल्या असतील तर पुसू नका, नवराबायकोच्या वादात गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगही चालू शकतं असं जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने घटस्फोटाच्या एका केसमध्ये म्हटलंय. फक्त ते स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवू नका, मैत्रिणीकडे पाठवा.

सगळ्यात मोठी चूक बायका कुठे करतात सांगू का, एटीएम कार्ड आधी बंद करतात आणि मग वकील शोधतात. कार्ड बंद झालं त्या संध्याकाळी घरात काय होईल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आधी अर्ज तयार करा, तो कोर्टात दाखल झाला की त्याच दिवशी नवीन खातं, नवीन सिम आणि पतसंस्थेला पगार तिकडे टाकायचं पत्र. माहेरी जाऊन राहिलात तर तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो, तात्पुरतं राहत असलात तरी. निघताना मुलीचा जन्मदाखला आणि शाळेची कागदं घ्या, मागाहून ती मिळवताना फार दमछाक होते.

अर्ज मॅजिस्ट्रेट कोर्टात कलम १२ खाली. संरक्षण अधिकाऱ्यांचा रिपोर्ट, तोच डीआयआर, असेल तर चांगलंच, नसला म्हणून अर्ज अडत नाही. कायदा म्हणतो पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, प्रत्यक्षात मी असं क्वचितच बघितलंय, तारखांवर तारखा पडतात. म्हणून सगळा जोर अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशावर लावायचा, कलम २३. तुमच्या शपथपत्रावर, नवऱ्याला न ऐकताही तो मिळू शकतो. त्याने तुम्हाला त्रास देऊ नये, ऑफिसात येऊ नये, दागिने विकू नयेत हे सगळं त्यात मागा. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. सासरच्या छळाचं जुनं ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, ते तुम्हाला लावता येईल, पण मी आधी ते करणार नाही. त्याने नवरा आत जाईल कदाचित, तुमचा पगार, घर आणि पाटल्या त्याने परत येत नाहीत.

वकिलाला पैसे नाहीत म्हणालात. बाईला सरकारी खर्चाने वकील फुकट मिळतो, पगार कितीही असो. कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस विचारा, लंच टाइममध्ये जाऊन फॉर्म भरता येईल. एखाद्या रात्री प्रकरण हाताबाहेर जातंय असं वाटलं तर ११२ लावा, बोलायला किंवा आसऱ्यासाठी १८१.

परत लिहायचं झालं तर त्याच मैत्रिणीच्या फोनवरून लिहा. आणि हे तुमच्या मोबाईलवर वाचत असाल तर रात्रीच्या आत पुसून टाका.