हिरडी दुखते आहे, पण कारण दिसत नाही. दंतवैद्याकडे जावे का?

आपण लिहिले आहे की, खालच्या डाव्या हिरडीत बारा-पंधरा दिवसांपासून दुखते आहे, आरशात पाहिले तर दात किडलेला दिसत नाही, रक्तही येत नाही आणि मधे दोन-तीन दिवस दुखणे अगदी थांबते, तेव्हा दंतवैद्याकडे जावे की आणखी थोडे थांबून पाहावे. माझे उत्तर असे की जावे, आणि वेळ घेतलेल्या दिवशी दुखत नसेल तरीही जावे. मी डॉक्टर नाही, याच विचारात सात आठवडे काढलेला एक रुग्ण आहे, आणि ते सात आठवडे कसे गेले हे सांगितल्यास कदाचित आपले काही दिवस वाचतील.

माझे दुखणे वरच्या उजव्या बाजूला, शेवटच्या दोन दाढांच्या मधल्या हिरडीत होते. कळ किंवा ठणका म्हणावा असे ते नव्हते. काहीतरी अडकून राहिले आहे आणि आतून दाब येतो आहे, अशी ती जाणीव होती. जेवल्यानंतर ती वाढत असे आणि जिभेने दाबून धरले की थोडे बरे वाटत असे. मी चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला ओढून, मोबाइलच्या उजेडात हिरडी अनेकदा न्याहाळली. ती गुलाबी आणि निरोगीच दिसत होती. ब्रश जोरात लागला असेल, अशी समजूत करून घेऊन मी नवा ब्रश आणला. दोनदा दंतवैद्याची वेळ घेतली आणि दोनदा रद्द केली, कारण वेळ घेतली की दुखणे पाहुण्यांसमोरच्या मुलासारखे शहाण्यासारखे वागू लागे.

अखेर गेलो तेव्हा डॉक्टरांनी मिलिमीटरच्या काळ्या खुणा असलेली एक बारीक बोथट सळई घेतली आणि प्रत्येक दाताभोवती ती हळूच हिरडीच्या कडेखाली उतरवत, शेजारी लिहून घेणाऱ्या मदतनिसांना त्या आकडे सांगू लागल्या: तीन, दोन, तीन, दोन, दोन, तीन. दुखऱ्या फटीपाशी त्या थांबल्या, सळई पुन्हा एकदा उतरवली आणि म्हणाल्या, ‘सहा’. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली खाच साधारण 1 ते 3 मिलिमीटर खोल असते. 4 किंवा त्याहून अधिक भरली तर हिरडी दातापासून सुटू लागली असल्याची शंका घेतात आणि त्या जागेला ‘पॉकेट’ म्हणतात. मग त्यांनी तिथे फ्लॉसचा दोरा घातला, तो विस्कटून बाहेर आला. एक्स-रेमध्ये कारण स्पष्ट दिसले: काही वर्षांपूर्वी भरलेल्या दाढेच्या फिलिंगची कड दाताच्या बाहेर वळचणीसारखी डोकावत होती, तिच्याखाली अन्नाचे कण साचत होते आणि तिथले हाडही किंचित खाली गेले होते. ही जागा दोन दाढांच्या मधोमध, हिरडीच्या आड होती, त्यामुळे आरशासमोर आणखी महिनाभर उभा राहिलो असतो तरी ती मला दिसली नसती.

म्हणूनच ‘दात किडलेला दिसत नाही’ या निरीक्षणावर आपण फारसा भार ठेवू नये, असे मला वाटते. दुखते ती जागा आणि दुखण्याचे मूळ या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. दाताच्या आतली नस मेली आणि मुळाच्या टोकाशी पू झाला तर फुगते ती हिरडी. शिवाय नस मेल्यावर दाताची कळ थांबते आणि माणूस बरे वाटले म्हणून निश्चिंत होतो, तर आत संसर्ग मात्र वाढतच राहतो. अर्धवट वर आलेल्या अक्कलदाढेवर हिरडीची झाकणी राहते व तिच्याखाली घाण साचून सूज येते. दाताला गेलेली उभी बारीक चीर कधी कधी एक्स-रेतही दिसत नाही आणि ती विशिष्ट जागी चावायला लावूनच शोधावी लागते. वरच्या मागच्या दाढांची मुळे सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीच्या, अगदी जवळ असल्यामुळे सर्दी साचली की तिथे दोन-तीन दाढा एकदम दुखू लागतात आणि वाकल्यावर दुखणे वाढते. आपले दुखणे खालच्या बाजूचे असल्याने ही शक्यता आपल्यापुरती बाजूला ठेवता येईल. याउलट, चालताना किंवा जिना चढताना खालचा जबडा दुखतो आणि थांबले की राहतो, असे होत असेल तर दंतवैद्याची वाट न पाहता तातडीने हृदयाची तपासणी करून घ्यावी.

रक्त येत नाही, हेही पूर्ण दिलासा देणारे नाही. तंबाखू ओढणाऱ्यांमध्ये हिरड्यांचा आजार असूनही रक्त कमी येते, त्यामुळे तो झाकला जातो. मधुमेह असेल, किंवा फेनिटॉइन, अॅम्लोडिपिन, सायक्लोस्पोरिन यांसारखी हिरडी वाढवू शकणारी औषधे चालू असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

थांबायचेच झाले तर किती थांबावे? साधा तोंडातला फोड असेल तर तो बहुधा एक-दोन आठवड्यांत भरून येतो. तीन आठवडे उलटूनही न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, किंवा कारण नसताना हलू लागलेला दात यांपैकी काहीही असेल तर एक दिवसही वाया घालवू नये. ताप, गालावर किंवा जबड्याखाली पसरणारी सूज, तोंड उघडायला वा गिळायला त्रास, श्वास घेताना अडथळा, ही लक्षणे दिसली तर थेट रुग्णालय गाठावे, मग रात्र असो वा सुट्टीचा दिवस.

तोवर कोमट पाण्यात थोडे मीठ घालून चुळा भराव्यात आणि मऊ ब्रशने ती जागाही घासावी, कारण दुखते म्हणून ती टाळली की तिथे आणखी थर साचतो. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याचा उपाय काही जण सुचवतात. त्याने हिरडी भाजते आणि एकाचे दोन त्रास होतात. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही घेऊ नयेत, कारण त्यांनी सूज काही दिवस दबते, पण आतले कारण जागच्या जागी राहते.

स्केलिंगने, म्हणजे दातांवरचे कडक कीटण खरवडून काढल्याने, दात सैल होतात, या भीतीनेही मी काही काळ मागे राहिलो होतो. दात सैल होतात ते हाड झिजल्यामुळे. कीटण निघाल्यावर आधीच पडलेली फट उघडी दिसते, एवढेच. माझ्या बाबतीत ती कड काढून फिलिंग नव्याने भरले, आतली सफाई केली, आणि तीन महिन्यांनी त्याच जागी सळई तीनवर थांबली.

वेळ घेताना ‘हिरडी दुखते’ एवढेच न सांगता, किती दिवसांपासून, जेवल्यावर, चावल्यावर की गार पाण्याने, रात्री झोपमोड होते का, आणि त्या बाजूला पूर्वी कोणत्या दातावर काम झाले आहे, हे कागदावर लिहून न्यावे. खुर्चीत बसल्यावर ‘नेमके कुठे?’ असे विचारले की बोट भलत्याच दातावर जाते; माझे गेले होते.